लेदर, मशरूम आणि झोआ एकाच टँकमध्ये ठेवताय? पाण्यातलं विष आवरायचं कसं

"दादा, झोआ चार दिवस झाले उघडेनात, लेदरपासून लांब सरकवले तरी उघडेनात, काय करू?" असा फोन मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोय, कधी बेळगावच्या टिळकवाडीतून, कधी निपाणीतून, मागच्या आठवड्यात खानापुरातून आला. झोआ, लेदर, मशरूम ही घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पाळायची कोरल, म्हणजे प्रवाळ. आणि प्रत्येकानं आधी तेच केलेलं असतंय, हात घालायचा, कोरल उचलायचं आणि वीतभर लांब ठेवायचं. कोरल डंख मारत असेल तर वीतभर अंतर पुरतं. पण पाण्यात रसायन सोडत असेल तर २०० लिटरच्या काचेत लांब अशी जागाच नसते, पंप तेच पाणी तासाला कितीतरी वेळा सगळीकडं फिरवत असतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे. खाली क्रम जसा दिलाय तसाच पाळा, कारण बहुतेकांकडं सामान बरोबर असतं, चुकतो तो क्रम.

कोण सोडतं, कुणाला लागतं

लेदर जातीची कोरल, म्हणजे टोडस्टूल, फिंगर लेदर, डेव्हिल्स हँड, ही सगळ्यात जास्त रसायन सोडतात. टर्पीन गटातली संयुगं असतात ती, माशांनी खाऊ नये आणि शेजाऱ्यानं जागा बळकावू नये म्हणून. समुद्रात भरती-ओहोटीत ती वाहून जातात, आपल्या टँकमध्ये साठत राहतात. ग्रेट बॅरियर रीफवरच्या, १९८३ साली छापून आलेल्या प्रयोगात लेदरसारख्या मऊ कोरलनं स्पर्श न करताही शेजारच्या दगडी, म्हणजे कडक सांगाड्याच्या, कोरलची वाढ खुंटवलेली दिसली होती, आणि ते उघड्या समुद्रात, तर मग घरातल्या टँकचं काय सांगायचं. केनिया ट्री (झाडासारखं मऊ कोरल) आणि मशरूमही आपापल्या परीनं यात आहेतच. सगळ्यात आधी फटका दगडी कोरलला बसतो, मग झोआ आणि क्लोव्ह पॉलिप मिटून बसतात.

आपल्याकडं हा विषय जास्त महत्त्वाचा का, तर दगडी कोरलच्या सगळ्या जाती, समुद्री पंखे, काळं कोरल हे सगळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहे. मालवणला किंवा कारवारला फिरायला गेलात आणि किनाऱ्यावर कोरलचा तुकडा दिसला तर तो तिथंच राहू द्या, मेलेला असला तरी. त्यामुळं आपल्या भागातले बरेचसे टँक लेदर, मशरूम, झोआ यांच्यावरच चालतात, म्हणजे नेमक्या रसायन सोडणाऱ्यांवरच.

टप्पा १: आधी खात्री करा, नंतर हात घाला

इथंच सगळे घाई करतात. कोरल मिटलं की लगेच "केमिकल वॉर" म्हणायचं आणि कार्बन, म्हणजे पाण्यातली रसायनं शोषणारा कोळसा, ओतायचा. मिटायला दहा कारणं असतात आणि त्यातली आठ तरी साधी असतात.

पहिल्यांदा हे मोजा आणि वहीत लिहा: क्षारता (पाण्याचा खारेपणा) १.०२५ च्या आसपास आहे का, तापमान २५ ते २६ अंश आहे का, अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण) ८ ते ९ डीकेएच (तिचं माप) आहे का आणि गेल्या आठवड्यापेक्षा एकापेक्षा जास्त अंकानं हललीय का. बेळगावात एप्रिल-मेमध्ये दुपारी खोली ३५-३६ अंशावर जाते आणि संध्याकाळी वळवाचा पाऊस पडून एकदम गार होते, तेवढ्यानंसुद्धा कोरल दोन दिवस रुसतात. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं यंत्र) कधी कॅलिब्रेट केला होता आठवत नसेल तर आधी तो करा, तेही ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणानं, नुसत्या आरओ पाण्यानं नाही.

हे सगळं ठीक असेल तर टॉर्च घेऊन रात्री लाईट बंद झाल्यावर दोन तासांनी टँकसमोर बसा. डंख आणि रसायन यातला फरक इथं कळतो:

- मार एकाच बाजूला आहे, म्हणजे शेजाऱ्याकडं तोंड असलेली बाजू पांढरी किंवा विरघळलेली आणि मागची बाजू छान, तर तो डंख. रात्री लांब दोऱ्यासारखे टेंटॅकल बाहेर आलेले दिसतील. गॅलेक्सियासारख्यांचे वीतभर किंवा त्याहून लांब जातात. इथं अंतर वाढवणं हाच उपाय, पुढचं वाचायची गरज नाही.
- मार सगळ्या बाजूंनी सारखा आहे, टँकच्या दोन टोकांची कोरल एकाच वेळी मिटलीत, आणि लेदर मात्र मजेत आहे किंवा नुकताच त्यानं कात टाकलीय (टप्पा ६ बघा), तर रसायनाचा संशय धरा.

तपासा: गेल्या १५ दिवसांत टँकमध्ये काय बदललं? नवीन लेदर आणलं, लेदर कापलं, दगड हलवला, कार्बन संपला, स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) बंद होता? यातलं एकही नसेल तर आठवडाभर फक्त बघा, काही करू नका.

चूक: आयसीपी टेस्टला (पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून करायची) पैसे घालणं. ती टेस्ट मूलद्रव्यं मोजते, टर्पीन नाही. हौशी लोकांना मिळणारं कोणतंच किट हे विष दाखवत नाही. दाखवतो तो फक्त टप्पा ४ नंतरचा फरक.

टप्पा २: सामान आधी गोळा करा

अर्ध्यात अडकलात तर काम बिघडतं, कारण आपल्याकडं चांगला कार्बन दुकानात जाऊन लगेच मिळत नाही, मागवला की चार-पाच दिवस जातात. म्हणून घरात कायम असू द्या: रीफसाठीचा दाणेदार किंवा बारीक गोळ्यांचा अॅक्टिव्हेटेड कार्बन, झिपवाली मीडिया बॅग, टँकच्या पाव भागाइतकं तयार मिठाचं पाणी, नायट्राईलचे हातमोजे, चष्मा, आणि टँकसाठीच ठेवलेल्या दोन बादल्या, त्यातली एक पांढरी.

मिठाचं पाणी आरओचंच करा आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्य येतोय का बघा. नळाला राकसकोपचं पाणी येऊ दे नाहीतर हिडकलचं, आणि बोअरचं असेल तर विचारूच नका, थेट वापरायचं नाही. चोर्ला घाटातून गोव्याचं समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणणारे मित्र आहेत माझे, त्यांनी जून ते ऑक्टोबर तरी ते बंद ठेवावं, नद्यांचं गोडं आणि गढूळ पाणी किनाऱ्याला मिसळलेलं असतं.

कार्बनची परीक्षा घरीच करा. घरच्या पिण्याच्या आरओच्या कार्ट्रिजमधला कार्बन काढून टाकणारे लोक बघितलेत मी, त्यात फॉस्फेट किती आहे देव जाणे. एक चमचा कार्बन कपभर आरओ पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी फॉस्फेट टेस्ट करा. रंग चढला तर तो कार्बन झाडांना घाला, टँकला नाही.

टप्पा ३: जागा प्रवाहावरून ठरवा

सगळे अंतर मोजतात, प्रवाह कोणी बघत नाही. वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह तयार करणारा पंप) चालू असताना थोडं खाणं सिरिंजनं टोडस्टूलच्या डोक्यावर सोडा आणि कण कुठं जातात ते बघत राहा. झोआवरून जात असतील तर जागा चुकली. सरळ ओव्हरफ्लोकडं (पाणी टँकबाहेर पडायची जागा) गेले तर बरोबर, कारण तिथून पाणी खालच्या टाकीत, म्हणजेच संपमध्ये, म्हणजे स्किमर आणि कार्बनकडं जातं. लेदर नेहमी ओव्हरफ्लोच्या बाजूला, प्रवाहाच्या शेवटी. नाजूक कोरल प्रवाहाच्या सुरुवातीला. यानं विष शून्य होत नाही, पण ताजं घट्ट रसायन थेट दुसऱ्याच्या तोंडावर जात नाही.

वाढीसाठी जागा ठेवा. तीन इंचाचं टोडस्टूल म्हणून आणता आणि दोन वर्षांत ते जेवणाच्या ताटाएवढं होतं. मशरूम आणि ग्रीन स्टार पॉलिप वेगळ्या, सुट्या दगडावर ठेवा, मुख्य रचनेला चिकटले की परत निघत नाहीत.

केनिया ट्री असेल तर दगडांच्या मागची बाजू महिन्यातून एकदा बघाच. ते आपल्या फांद्या गाळतं आणि प्रत्येक फांदी कुठंतरी जाऊन रुजते. वडगावातल्या एका मित्राच्या टँकमध्ये समोरून एकच झाड दिसायचं. मागं टॉर्च मारला तर पंपाच्या सावलीत अकरा पिल्लं मोजली आम्ही.

चूक: एकाच दिवशी सगळी कोरल हलवणं. हलवलं की लेदर चिकट स्राव सोडतं, म्हणजे जे टाळायचं तेच वाढतं. एक हलवा, तीन दिवस थांबा, मग दुसरं.

टप्पा ४: कार्बन, पण हळू

खरं काम इथं होतं आणि खरी चूकही इथंच होते. पहिल्यांदा धुणं. बॅगेत भरून आरओ पाण्यात खळबळून धुवा, काळं पाणी जाऊन स्वच्छ येईपर्यंत, चार-पाच पाणी तरी लागतात. बारीक पूड टँकमध्ये गेली की नुसतं पाणी काळं होत नाही, टँग जातीच्या माशांच्या डोक्यावर आणि अंगावरच्या रेषेवर खड्डे पडण्याशी कार्बनच्या पुडीचा संबंध प्रयोगात दिसलाय.

मग प्रमाण. मी २०० लिटर पाण्याला साधारण १०० ग्रॅम दाणेदार कार्बन धरतो, पण पहिल्यांदा निम्मा, ५० ग्रॅमच. गोळ्यांचा भारी कार्बन असेल तर त्याहून कमी लागतो, पाकिटावर लिहिलेलं वाचा आणि त्याच्याही निम्म्यानं सुरू करा. कारण असं आहे की जुन्या टँकचं पाणी पिवळसर झालेलं असतं, डोळ्याला दिसत नाही पण तो पिवळेपणा लाईट अडवत असतो. भरपूर कार्बन एकदम टाकला की दोन दिवसांत पाणी काचेसारखं होतं, लाईट एकदम वाढल्यासारखा पडतो आणि कोरल पांढरी पडतात, मग माणूस म्हणतो कार्बननं मारलं. कार्बननं नाही, लाईटनं मारलं. म्हणून कार्बन टाकताना लाईट २० टक्के कमी करा आणि दहा दिवसांत हळूहळू परत वाढवा.

बॅग ठेवायची जागा अशी पाहिजे की पाणी तिच्यातून गेलं पाहिजे, बाजूनं नाही. संपमध्ये कोपऱ्यात पडलेली बॅग काहीच करत नाही. दोन खणांच्या मधल्या फटीत दाबून बसवा, किंवा रिअॅक्टर (कार्बन भरून पाणी फिरवायची नळकांडी) असेल तर दाणे जेमतेम हलतील एवढाच प्रवाह ठेवा. दाणे उकळल्यासारखे नाचत असतील तर ते एकमेकांवर घासून पूड होतात.

आठव्या दिवशी बदला, तेव्हा पूर्ण प्रमाण टाका, त्यानंतर दर तीन आठवड्यांनी. कार्बन धुऊन, उन्हात वाळवून, तव्यावर भाजून परत वापरता येत नाही, हा प्रश्न दर वेळी येतो म्हणून लिहितोय.

तपासा: पांढऱ्या बादलीत टँकचं पाणी घ्या, बाजूला पांढऱ्या मगात ताजं मिठाचं पाणी, आणि दिवसाच्या उजेडात वरून बघा. टँकचं पाणी पातळ चहासारखं पिवळट दिसलं तर कार्बन संपलाय. विष मोजण्याची ही पद्धत नाही, पण कार्बन काम करतोय की नाही ते कळतं.

तपासा: निम्मा कार्बन टाकल्यावर दोन ते चार दिवसांत मिटलेली कोरल थोडी तरी उघडायला लागली, तर संशय बरोबर होता. आठवड्यात काहीच फरक नाही, तर टप्पा १ ला परत जा.

टप्पा ५: स्किमर आणि पाणी बदलणं

स्किमर या कामात कार्बनचा मदतनीस आहे, त्याच्या जागी नाही. थोडा ओला चालवा, म्हणजे कपमध्ये गडद चिखल नाही तर चहाच्या रंगाचं पाणी येऊ दे, आणि नळी दोन दिवसांनी पुसा, चिकट थर बसला की फेस वर चढत नाही.

पाणी संशयाच्या आठवड्यात एकदा २५ टक्के बदला, त्यानंतर दर आठवड्याला १० ते १५ टक्के. नवीन पाण्याचं तापमान, क्षारता आणि अल्कलिनिटी जुन्याशी जुळवा. ५० टक्के एकदम बदलून टाकणारे आहेत, आणि अल्कलिनिटीचा झटका बसून कोरल गेलं की दोष लेदरला देतात.

टप्पा ६: लेदर कात टाकतं तेव्हा

टोडस्टूल अधूनमधून मिटतं, डोकं गुळगुळीत होतं, त्यावर मेण फासल्यासारखी चकचकीत पातळ साल चढते आणि ते आठवडाभर तसंच उभं राहतं. नवीन माणूस घाबरतो, मेलं म्हणून बाहेर काढतो, ब्रशनं घासतो. घासू नका. प्रवाह थोडा त्याच्याकडं वळवा, साल आपोआप कडेनं सुटायला लागते, दुधावरची साय सुटते तशी, आणि तिचे तुकडे तरंगतात. ते तुकडे जाळीनं किंवा पातळ नळीनं ओढून बाहेर काढा, दुसऱ्या कोरलवर जाऊन बसू देऊ नका. कात टाकायला सुरुवात झालेली दिसली की त्याच दिवशी ताजा कार्बन. तीन आठवडे पूर्ण झाले नसले तरी.

टप्पा ७: कापणं फक्त टँकच्या बाहेर

अनगोळच्या जुन्या घरात असताना मी टोडस्टूल टँकमध्येच कापलं होतं, दगडाला घट्ट होतं म्हणून. कात्री लागल्याबरोबर दुधाळ चिकट पाणी सुटलं, घरभर उग्र वास, रात्री स्किमर फेसानं भरून वाहिला, आणि झोआ नऊ दिवस मिटून होते. दोन कॉलनी गेल्या त्यात. दगड निघत नव्हता तर अख्खा दगड बाहेर काढायला पाहिजे होता मी.

आधी ताजा कार्बन बसवा. मग दोन टबमध्ये ताजं मिठाचं पाणी भरा. लेदर बाहेर काढून पहिल्या टबमध्ये धारदार ब्लेडनं एका झटक्यात कापा. पंधरा मिनिटं तिथंच स्राव सोडू दे, मग दुसऱ्या टबमध्ये खळबळून धुवा. चिकटपणामुळं गोंद लेदरला धरत नाही, त्यामुळं तुकडा छोट्या दगडावर ठेवून वरून जाळीचा तुकडा रबरानं सैल बांधा, दहा-पंधरा दिवसांत स्वतःच धरतो. टबचं पाणी संडासात ओता, टँकमध्ये एक थेंबसुद्धा नको.

सावधान: झोआ आणि पॅलिथोआ (झोआचीच जवळची जात) कापताना विषय कोरलचा राहत नाही, तुमचा होतो. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं, माणसाला मारू शकणारं विष. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय ब्लेड लावू नका, हाताला जखम असेल तर तो दिवस सोडा. पॅलिथोआ असलेला दगड उकळत्या पाण्यात घालायचा नाही, गरम पाण्यानं घासायचा नाही, प्रेशरची नळी मारायची नाही, वाफेतून आणि तुषारातून ते फुप्फुसात जातं आणि अख्खी घरची माणसं आजारी पडतात. तोंडात धातूसारखी कडवट चव, थंडी-ताप, छातीत आवळल्यासारखं झालं तर सगळ्यांना घेऊन मोकळ्या हवेत या, लगेच दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना "पॅलिटॉक्सिन" हा शब्द कागदावर लिहून द्या. हे काम पोरं झोपल्यावर स्वयंपाकघरात करू नका, कुठंही करा पण स्वयंपाकघरात नको.

टप्पा ८: लाईट गेल्यावर

पावसाळ्यात आपल्याकडं, विशेषतः खानापूरच्या बाजूला, लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही. प्रवाह थांबला की ऑक्सिजन कमी होतो, कोरल ताणाखाली येतात आणि स्रावही वाढतो. बॅटरीवरचा एअर पंप ठेवा, इन्व्हर्टर असेल तर आधी वेव्हमेकर त्याच्यावर घ्या, लाईट आणि स्किमर नंतर.

कार्बन कॅनिस्टर फिल्टरमध्ये (बंद डब्याच्या फिल्टरमध्ये) असेल आणि तो दोन-तीन तासांपेक्षा जास्त बंद राहिला तर आतलं पाणी सडायला लागतं. लाईट आल्यावर तो आपोआप सुरू होऊन ते सगळं टँकमध्ये ओततो. प्लग आधीच काढून ठेवा, लाईट आल्यावर पहिलं पाणी बादलीत सोडा, वास बघा, कुजक्या अंड्यासारखा असेल तर कार्बन बदला.

एवढं करूनही जमत नसेल तर

सहा आठवडे कार्बन वेळेवर बदलला, प्रवाह ठीक केला, पाणी बदललं, तरी झोआ किंवा दगडी कोरल मिटूनच आहेत, तर एक मिटलेला झोआ फ्रॅग (तुकडा) ताज्या मिठाच्या पाण्याच्या वेगळ्या टबमध्ये, हीटर, छोटा पंप आणि तसाच लाईट देऊन आठ दिवस ठेवा. तिथं उघडला तर दोघांतलं एक जाणार हे ठरलं. मी अशा वेळी लेदर बाहेर काढतो, कारण लेदर दुसऱ्या टँकमध्ये सहज जगतं.

मित्राला देताना लेदर स्वतंत्र पिशवीत द्या, भरपूर पाणी घालून. पैसे आणि पिशव्या वाचवायला लेदर आणि झोआ एकाच पिशवीत घालून बेळगाव ते निपाणी दीड-दोन तास नेणारे आहेत, आणि दोन लिटर पाण्यात ते रसायन किती घट्ट होतं याचा विचार करत नाहीत. पोचल्यावर पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही, लेदर हातानं उचलून, ताज्या मिठाच्या पाण्यात एकदा धुऊन मगच आत सोडायचं, आणि त्या घरात कार्बन आहे का ते देण्याआधी विचारून घ्यायचं.